लग्नानंतर पॅनवर नाव बदलायचंय, आधी रिटर्न भरू की आधी नाव बदलू? (इंदूर)

लश्करची लेक
१२ जून २०२५

नमस्कार सगळ्यांना. माझं माहेर ग्वाल्हेरचं, लश्करमधलं. फेब्रुवारीत लग्न झालं आणि मी इंदूरची सून झाले, नोकरी आधीपासून इथेच विजयनगरला होती म्हणून ते एक बरं झालं. माहेरचं आडनाव काळे, सासरचं देशपांडे.

लग्न ग्वाल्हेरला झालं म्हणून रजिस्ट्रेशन तिथल्याच नगर निगममध्ये केलं, सर्टिफिकेट हातात आलं. मार्चमध्ये इथे आधार केंद्रावर जाऊन आधारवरचं नाव बदललं. मग एप्रिलमध्ये बँकेत दुसऱ्या कामाला गेले होते तर तिथल्या मॅडम म्हणाल्या आधार नवीन आहे ना, लगेच खात्यावर पण करून टाकू, तर ते पण झालं. पॅन तेवढं राहिलं. क्वार्टर एंडिंगचं काम चालू होतं, म्हटलं करू सावकाश.

आता कंपनीने फॉर्म सोळा (पगाराचा आणि कापलेल्या टॅक्सचा दाखला) दिलाय, त्यावर नाव जुनंच आहे. मागच्या वर्षी मी भाड्याच्या पावत्या एचआरला उशिरा दिल्या त्यामुळे पगारातून टॅक्स (टीडीएस) जास्त कापला गेला आणि मला साधारण चौदा हजार रिफंड यायचाय. परवा रिटर्न भरायला बसले तर इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर माझं पगाराचं खातं व्हॅलिडेट (पडताळून मंजूर) होईना, नाव पॅनशी जुळत नाही म्हणतंय. म्हणजे आधार देशपांडे, बँक देशपांडे, पॅन काळे, फॉर्म सोळा काळे. रात्री झोप नाही आली मला.

तर विचारायचं असं की नाव बदललं तर पॅन नंबर पण बदलतो का? आणि बदलला तर जुन्या नावावर जो टॅक्स कापला गेलाय तो कुठे जाईल? आधी रिटर्न भरून टाकू की आधी नाव बदलून घेऊ? त्या व्हाईट चर्चजवळच्या आयकर भवनात जावं लागेल का, कारण मला सुट्टी फक्त शनिवार रविवार असते.

आणि एक गोष्ट, हसू नका प्लीज. पॅन कार्डावर वडिलांचं नाव असतं ना, ते पण निघून जाईल का आणि तिथे नवऱ्याचं येईल का? मी अठरा वर्षांची झाले तेव्हा तो फॉर्म बाबांनी स्वतः भरला होता, एकेका चौकोनात एकेक अक्षर. घरात कोणी मला नाव बदल म्हटलेलं नाही, नवरा तर म्हणतो काही गरज नाही, मलाच बदलायचंय. पण बाबांचं नाव जाणार असेल तर मी परत विचार करेन.

---

सुदामानगरच्या काकू
१२ जून २०२५

अगं बाळा, हसेल कोण. मी तुझ्या आईच्या वयाची आहे म्हणून अगं म्हणते, राग मानू नकोस.

टॅक्सचं मला फार कळत नाही, ते इथले जाणकार सांगतील. मी माझं सांगते कारण नावाच्या भानगडीत माझी बरीच वर्षं गेलीत. माझं लग्न ८६ सालचं, देवासहून मी इथे आले. तेव्हा आपल्याकडे ताटात तांदूळ पसरून अंगठीने नवीन नाव लिहायचे, तसं माझंही लिहिलं. आडनावच नाही, अख्खं नाव बदललं. मला कोणी विचारलं नव्हतं, आणि खरं सांगते तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं पण नव्हतं, आवडलं होतं ते नाव. पण माझ्या मॅट्रिकच्या आणि बीएच्या मार्कशीट जुन्या नावाच्या, शाळेत नोकरी लागली ती जुन्या नावाने, आणि पुढे राशन कार्ड, मतदार यादी, बँक, पॅन सगळं नव्या नावाने झालं. कोणाला काही अडलं नाही तोपर्यंत ठीक होतं. रिटायर व्हायची वेळ आली तेव्हा एका ऑफिसने विचारलं या दोन बायका एकच आहेत हे सिद्ध करा. शपथपत्र, मग राजपत्रात नाव छापून आणणं, मग परत शपथपत्र. माझे स्वतःचे पैसे, आणि मीच मी आहे हे सांगत मी बाकावर बसलेली.

तेव्हा पहिलं सांगणं हे की आडनाव बदलायचं तर खुशाल बदल, पण स्वतःच्या नावाला हात लावू नकोस. आता आधारवाले सुद्धा पहिलं नाव पूर्ण बदलायचं तर राजपत्र मागतात, आडनावाला लग्नाचं सर्टिफिकेट चालतं.

दुसरं म्हणजे कायद्याने नाव बदलायची कोणतीच सक्ती नाहीये. माझ्या सुनेने बदललं नाही, तिचं सगळं सुरळीत चालू आहे. तू बदलतेयस ते तुला हवं म्हणून, हे मला आवडलं.

आणि हो, त्या फॉर्मवर श्री, श्रीमती, कुमारी असं विचारतात. आपल्या मराठीत श्रीमती म्हणजे वेगळाच अर्थ लागतो, माझ्या सासूबाईंनी तर तो शब्द बघून पेन खाली ठेवला होता, म्हणाल्या सौभाग्यवती बाई आहे, असं कसं लिहू. पण इथे हिंदीत लग्न झालेल्या प्रत्येकीला श्रीमतीच म्हणतात, मनाला लावून घेऊ नकोस. कार्डावर ते छापून येत नाही.

---

हिशोबनीस
१२ जून २०२५

ताई, आधी शांत झोपा. तुमचा एक रुपया कुठे गेलेला नाही.

मी इंदुरातच बरीच वर्षं रिटर्न भरायचं काम करतोय आणि दर जून जुलैमध्ये अशा पाच सहा केसेस येतातच, लग्नाचा सीझन आणि रिटर्नचा सीझन मागेपुढे असल्यामुळे. एकेक सांगतो.

पॅन नंबर बदलत नाही. कधीच नाही. नाव बदललं, आडनाव बदललं, शहर बदललं, नंबर तोच. टॅक्स खातं तुम्हाला नावाने नाही, नंबराने ओळखतं. तुमच्या कंपनीने जो टीडीएस भरला तो त्या नंबरावर जमा आहे, पोर्टलवर फॉर्म २६एएस आणि एआयएस, म्हणजे तुमच्या टॅक्सची आणि कमाईची खात्याकडे असलेली नोंद, उघडून बघा, पूर्ण रक्कम दिसेल. फॉर्म सोळावर जुनं नाव आहे म्हणून काही अडत नाही, त्या वर्षी तुम्ही त्याच नावाने काम करत होतात.

एक गंमत वाटेल अशी गोष्ट सांगतो. पॅनच्या दहा अक्षरांत चौथं अक्षर तुम्ही व्यक्ती आहात, कंपनी आहात की ट्रस्ट हे सांगतं, व्यक्तीला ‘पी’ असतो. आणि पाचवं अक्षर हे पॅन काढताना जे आडनाव होतं त्याचं पहिलं इंग्रजी अक्षर. म्हणजे तुमच्या पॅनमध्ये पाचव्या जागी ‘के’ असेल, काळेचा. कार्डावर देशपांडे आलं तरी तो ‘के’ तिथेच राहणार, आयुष्यभर. माझ्याकडे एक ताई आल्या होत्या त्यांना कोणीतरी सांगितलं की हे अक्षर जुळत नाही म्हणजे पॅन चुकीचं, नवीन काढा. चूक आहे ते. नवीन पॅन अजिबात काढायचं नाही, एका माणसाकडे दोन पॅन असणं बेकायदेशीर आहे, दहा हजार रुपये दंड आहे त्याला.

आता वडिलांचं नाव. ते जात नाही. पॅन कार्डावर वडिलांचंच नाव असतं, विवाहित बाईच्या कार्डावर सुद्धा. पॅनला नवऱ्याशी काही देणंघेणं नाही. फॉर्ममध्ये स्पष्ट लिहिलंय की विवाहित महिलांनी पण वडिलांचंच नाव द्यायचं. आईचं नाव छापून घ्यायची पण सोय आहे. म्हणजे तुमच्या बाबांनी चौकोनात भरलेलं नाव तसंच राहील. तुमच्या स्वतःच्या नावात मधलं नाव जर बाबांचं असेल, आपल्या मराठी पद्धतीप्रमाणे, तर ते मात्र तुम्हाला ठरवावं लागेल, ठेवायचं, काढायचं, की नवऱ्याचं घालायचं. आधारवर जे केलंत तेच पॅनवर करा.

आता क्रम. खरं म्हणजे आधी आधार, मग पॅन, मग बँक असा क्रम हवा होता. तुमचं बँक आधी झालं म्हणून अडकलं. पोर्टल बँकेला विचारतं की या खात्यावरचं नाव पॅनवरच्या नावाशी जुळतं का, नाही जुळलं की व्हॅलिडेशन फेल आणि व्हॅलिडेट नसलेल्या खात्यात रिफंड येत नाही. तुमच्याकडे दोन रस्ते आहेत. एक, ग्वाल्हेरला कॉलेजच्या वेळचं एखादं सेव्हिंग खातं असेल जे अजून काळे नावावर आहे, तर ते पोर्टलवर जोडा, व्हॅलिडेट करा, रिफंडसाठी तेच निवडा, रिटर्न भरा, रिफंड येऊ द्या आणि मग पॅन बदला. दुसरा, आधी पॅन बदलून घ्या, नाव पोर्टलवर आपोआप येतं, प्रोफाइलमध्ये स्वतः टाइप करायची सोयच नाहीये, मग पगाराचं खातं पुन्हा व्हॅलिडेट करा आणि रिटर्न भरा.

मी असतो तर दुसरा घेतला असता. यंदा, २०२५ मध्ये, रिटर्नची तारीख ३१ जुलैची १५ सप्टेंबर झालीये, तुमच्याकडे तीन महिने आहेत, पॅन दोन तीन आठवड्यांत होतं. दोन्ही कामं एकदम मात्र सुरू करू नका, रिटर्न जुन्या नावाने गेलं आणि रिफंड यायच्या आत नाव बदललं की परत कुठेतरी अडकायची शक्यता.

आयकर भवनात जायची अजिबात गरज नाही. पॅनचं काम प्रोटिअन आणि यूटीआयआयटीएसएल या दोन एजन्सी बघतात, प्रोटिअन म्हणजे ज्याला आपण अजून एनएसडीएल म्हणतो. त्यांच्या साइटवर पॅन करेक्शनचा फॉर्म आहे, घरी बसून भरता येतो. प्लास्टिक कार्ड घरी पाहिजे असेल तर फी साधारण १०७ रुपये. कागद लागतात ते म्हणजे लग्नाचं सर्टिफिकेट, आधार, आणि जुन्या पॅनची कॉपी. सर्टिफिकेट नसेल तर लग्नपत्रिका, नवऱ्याचं नाव असलेला पासपोर्ट, राजपत्र किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचं पत्र, यातलं काहीही चालतं. पण पत्रिका आपल्या मराठीत, त्यात चि. सौ. कां. आणि पुढे घरचं लाडाचं नाव, म्हणून ज्याच्याकडे सर्टिफिकेट आहे त्याने पत्रिकेच्या वाटेला जाऊच नये.

---

लश्करची लेक
१३ जून २०२५

दादा, काय सांगू, ते ‘के’ राहणार वाचून मी ऑफिसमध्येच पॅन काढून बघितलं. आहे, पाचव्या जागी आहे. इतकी वर्षं तो नंबर पाठ होता आणि कधी लक्षातच आलं नाही. बाबांना फोन करून सांगितलं, ते म्हणाले मला माहीत होतं, फॉर्म भरतानाच वाचलं होतं.

काकू, तुमचं वाचून खूप वाईट वाटलं. माझ्या आजीचं पण असंच झालंय, तिच्या माहेरच्या नावाने तिला आता फक्त तिची एक बहीण हाक मारते.

आधारवर मी नाव असं केलंय, माझं नाव आणि देशपांडे, मध्ये कोणाचंच नाही. कारण इकडे एमपीमध्ये माझ्या मार्कशीटवर पण मधलं नाव नव्हतं, फक्त नाव आणि आडनाव. ठीक आहे ना? आणि एक, माझ्या जुन्या आधारवर हिंदीत काले छापलं होतं, ळ नव्हताच, आयुष्यभर काले मॅडम काले मॅडम ऐकलंय, तर त्याने पॅनला काही फरक पडतो का?

---

रामबागकर
१३ जून २०२५

ताई, ळ आणि ल ची काळजी करू नका, पॅन कार्डावर नाव फक्त इंग्रजीत असतं. हिंदीत ळ नाहीये तर इथल्या प्रत्येक काळे, टिळक, जोगळेकरचं हेच झालंय, आमच्या घरात पण. काळजी करा ती इंग्रजी स्पेलिंगची. देशपांडेच्या शेवटी एक ‘ई’ आहे की ‘ई वाय’ आहे ते आधारवर बघा आणि अक्षर न अक्षर तेच पॅनवर लिहा. हिंदीवाले ऑपरेटर पांडे ऐकलं की सवयीने ‘वाय’ लावून देतात.

मी लिहितोय कारण आमच्याकडे दोन वर्षांपूर्वी बायकोच्या पॅनमध्ये हेच सगळं झालं. मी स्वतः न भरता घराजवळच्या एका कियोस्कवर गेलो, त्या मुलाने पाच मिनिटांत फॉर्म भरून दिला, आम्ही न वाचता पैसे दिले. कार्ड आलं तर आडनाव जुनंच आणि वडिलांच्या जागी माझं नाव. म्हणजे जे बदलायचं होतं ते बदललं नाही आणि जे बदलायचंच नव्हतं ते बदललं. कार्डावर मी माझ्याच बायकोचा बाप. सासऱ्यांना दाखवायला मला तोंड नव्हतं, ते बिचारे काही बोलले नाहीत पण त्यांना लागलं, ते मला दिसलं.

नंतर कळलं की करेक्शन फॉर्ममध्ये प्रत्येक रकान्याच्या डाव्या बाजूला एक छोटा चौकोन असतो, जे बदलायचं त्याच्यावर टिक करावी लागते. टिक नाही तर नुसतं नाव लिहून काही होत नाही, ते जुनंच ठेवतात. त्या मुलाने नावावर टिक केली नव्हती आणि वडिलांच्या रकान्यावर केली होती. परत फी भरली, परत सगळे कागद, आणि यावेळी मी आणि बायकोने रविवारी सकाळी बसून एकेक ओळ मोठ्याने वाचत फॉर्म भरला. पंधरा दिवसांत बरोबर कार्ड आलं.

तेव्हा ताई, स्वतः भरा. तुमच्या बाबांसारखं, एकेका चौकोनात एकेक अक्षर.

---

हिशोबनीस
१३ जून २०२५

रामबागकरांनी लाखाची गोष्ट सांगितली, टिकमार्क. निम्म्याहून जास्त चुका मी तिथेच बघतो.

ताई, मधलं नाव नसलं तरी चालतं, फॉर्ममध्ये आडनाव, पहिलं नाव आणि मधलं नाव असे तीन रकाने असतात, मधला रिकामा सोडा. फक्त आडनावाच्या रकान्यात आडनाव जातंय ना ते बघा, रकान्यांची अदलाबदल सर्रास होते. आद्याक्षर कुठेही घालू नका, पूर्ण नाव.

ऑनलाइन भरताना तीन पद्धती दिसतील. आधार ई-केवायसीची, जिथे काहीच कागद पाठवायचे नाहीत, आधारवरचं नाव आणि आधारवरचाच फोटो उचलला जातो. दुसरी स्कॅन करून अपलोड करायची, त्यात फोटो सही आपण देतो. तिसरी प्रिंट काढून, सही करून पुण्याला पोस्टाने पाठवायची. पहिल्या पद्धतीत आधारवरचा तो केंद्रावर काढलेला फोटो कार्डावर येतो, चालत असेल तर सगळ्यात सोपी तीच. आणि म्हणूनच मी म्हटलं आधी आधार. ज्यांचं आधार अजून जुन्या नावाचं आहे त्यांनी पॅनचा फॉर्म उघडू पण नये.

आधारबद्दल एक लक्षात असू द्या, नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. तुमचं एकदा झालं. आता स्पेलिंगची चूक निघाली तर शेवटची संधी, म्हणून रामबागकर म्हणतात ते आजच तपासा.

---

बडोद्याची विद्या
१४ जून २०२५

मी बडोद्याहून, दांडियाबाजारच्या जवळ राहते. माझं लग्न होऊन चार वर्षं झाली, मी नाव बदललेलं नाही, आणि मला टॅक्समध्ये आजपर्यंत कुठे अडलं नाही. रिटर्न दरवर्षी जातं, रिफंड येतो, होम लोन आम्हा दोघांच्या नावावर आहे ते पण माझ्या माहेरच्याच नावाने झालं, बँकेने फक्त मॅरेज सर्टिफिकेटची कॉपी घेतली. जी कोणी मुलगी हे वाचत असेल आणि तिला वाटत असेल की नाव नाही बदललं तर टॅक्सचं काहीतरी होईल, तर नाही होत.

पण ताई, तुमचं आधार आणि बँक झालंय, आता मागे जाऊ नका. अर्धवट ठेवणं सगळ्यात वाईट. माझ्या मावसबहिणीने पासपोर्ट आणि आधार बदललं, पॅन आणि पीएफ ठेवलं आणि नोकरी बदलली तेव्हा जुन्या कंपनीचा पीएफ नव्या कंपनीत सरकेच ना.

सर्टिफिकेटच्या पाच सहा कॉपी सेल्फ अटेस्ट करून एका पाकिटात ठेवा, पुढचं वर्षभर कुठे ना कुठे लागते. मार्कशीट आणि डिग्रीला हात लावायची काही गरज नाही, त्या माहेरच्या नावाच्याच राहू देत, मधला दुवा ते सर्टिफिकेट आहे.

---

लश्करची लेक
१५ जून २०२५

आज रविवार, फॉर्म भरला. स्पेलिंग बरोबर होतं, एकच ‘ई’. टिक फक्त नावावर केली. पण शेवटी आधारचा ओटीपी मागितला आणि मला आलाच नाही, मग लक्षात आलं आधारला बाबांचा नंबर आहे. शाळेत असताना काढलं होतं तेव्हा तोच दिला होता. फोन केला तर बाबा नेमके बाहेर, मोबाइल घरी, आईने वाचून दाखवला तोवर टाइम आउट. तीनदा केलं. चौथ्यांदा झालं. पंधरा आकडी नंबर आला पावतीचा.

विद्या ताई, पीएफचं बरं आठवण करून दिलंत, माझं पण जुन्याच नावावर आहे. दादा त्याला परत कंपनीच्या मागे लागावं लागतं का?

---

हिशोबनीस
१६ जून २०२५

छान झालं. आता सवड मिळाली की आधार केंद्रावर जाऊन मोबाइल नंबर तुमचा करून घ्या, तिथे बोटाचे ठसे द्यावे लागतात. रिटर्न भरल्यावर तीस दिवसांच्या आत ई-व्हेरिफाय करावं लागतं, त्यालाही आधार ओटीपीच सगळ्यात सोपा, दरवेळी आईला चष्मा शोधायला नको लावायला.

पीएफचं आता सोपं झालंय. जानेवारी २०२५ पासून ज्यांचा यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, १ ऑक्टोबर २०१७ नंतरचा आहे आणि आधारने व्हेरिफाय आहे त्यांना नाव, वैवाहिक स्थिती वगैरे स्वतः पीएफ खात्याच्या (ईपीएफओच्या) पोर्टलवर बदलता येतं, कंपनीची मंजुरी लागत नाही. त्याआधीचा यूएएन असेल तर जॉइंट डिक्लरेशन (कंपनी आणि कर्मचारी दोघांचा अर्ज) कंपनीकडून जातं. तुमच्या वयाकडे बघता तुमचा नंतरचाच असावा. पण पॅन होऊन नवीन नाव दिसेपर्यंत थांबा, मग पीएफ, मग कंपनीच्या पेरोलमध्ये कळवा म्हणजे पुढच्या वर्षीचा फॉर्म सोळा नव्या नावाने येईल. म्युच्युअल फंड असतील तर त्यांची केवायसी पण.

लिंकचं विचारलं नाहीत तरी सांगतो, पॅन आधार एकदा लिंक झालेलं असलं की नाव बदलल्याने ते तुटत नाही. ज्यांचं लिंकच नव्हतं त्यांचं प्रकरण वेगळं, त्यांना आधी हजार रुपये भरून लिंक करावं लागतं, आणि तिथे नाव जुळलं नाही की अडतं.

---

सुदामानगरच्या काकू
१६ जून २०२५

आईने ओटीपी वाचून दाखवला हे वाचून बरं वाटलं बाई. माझ्या वेळेला माहेरून काही आणायचं तर आठवड्याने पत्र यायचं.

---

लश्करची लेक
६ जुलै २०२५

सगळ्यांना कळवायचं राहिलं होतं. ई-पॅन २७ जूनला मेलवर आलं, कार्ड परवा पोस्टमनने दिलं. ई-पॅन आल्यावर दोन दिवसांनी पोर्टलवर बघितलं तर नाव आपोआप देशपांडे झालेलं, मी काहीच केलं नव्हतं. पगाराचं खातं परत व्हॅलिडेट केलं, लगेच हिरवी टिक आली. काल रिटर्न भरलं, २६एएसमध्ये टीडीएस पूर्ण दिसत होता, एक रुपया इकडे तिकडे नाही, आणि ई-व्हेरिफाय माझ्याच फोनवर, कारण मधल्या शनिवारी आधारला नंबर बदलून आले. पीएफ अजून बाकी आहे, यूएएन २०२१ चा आहे म्हणजे स्वतःच होईल.

कार्डाचा फोटो बाबांना पाठवला. त्यांनी मोठा करून बघितला असणार, दहा मिनिटांनी फोन आला. म्हणाले आपल्या दोघांचं स्पेलिंग बरोबर आहे. मग विचारलं की आधारमध्ये नंबर आता तुझा झाला म्हणजे आमच्याकडे ओटीपी येणार नाहीत का. म्हटलं नाही येणार. तर म्हणाले बरं, रविवारी फोन करत जा मग.